वर्गातील अवधान आणि विद्यार्थ्याचे जीवनसमाधान

(इयत्ता ५ वी ते ८ वीच्या वर्गांना शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी अभ्यासलेख)

१. प्रास्ताविक

आपल्या शाळांतील प्रगतिपुस्तके चाळून पाहिली, तर एक शेरा वारंवार आढळतो. तो म्हणजे ‘अभ्यासात लक्ष नाही’ हा होय. शेरा तीन शब्दांचा आहे, लिहिण्यास सोपा आहे आणि बहुधा खोटाही नसतो. तथापि त्यातून पालकांस काही कळत नाही, पुढील वर्गाच्या शिक्षकास काही उपयोग होत नाही आणि ज्याच्याविषयी तो लिहिलेला असतो त्या मुलाच्या मनात मात्र तो घर करून बसतो. दहा ते चौदा या वयात मूल स्वतःविषयीचे मत बनवीत असते. ‘माझे लक्षच लागत नाही, मी तसाच आहे,’ असे एकदा त्याने मनाशी ठरविले की, पुस्तक हाती घेण्याआधीच त्याचा पराभव झालेला असतो.

लक्ष न लागणे हा केवळ गुणपत्रिकेचा प्रश्न नाही. आपले आयुष्य बरे चालले आहे असे त्या मुलास वाटते की नाही, या प्रश्नाशी तो जोडलेला आहे. अवधानातील अडचण आणि जीवनाविषयीचे समाधान यांचा परस्परसंबंध काय, आणि खेड्यातील शाळेत, हाताशी असलेल्या साधनांनी, शिक्षकास काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. अवधान म्हणजे काय?

अवधान हा शब्द आपल्या भाषेस नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे दुसरे काही न मागता अवधानच मागतात, आणि त्याचा संबंध थेट सुखाशी जोडतात. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वक्ता अवधानाची आज्ञा करीत नाही, तो ते नम्रपणे मागतो. वर्गात उभे राहणाऱ्या प्रत्येकाने हे मनात ठेवण्यासारखे आहे.

मानसशास्त्राच्या दृष्टीने अवधान म्हणजे अनेक संवेदनांतून एकीची निवड करणे, ती धरून ठेवणे आणि आवश्यकता पडताच दुसरीकडे वळणे. या तीन निरनिराळ्या क्रिया आहेत. एखाद्या मुलास निवड जमत नाही. फळ्यावरील उदाहरण आणि रस्त्यावरून जाणारा ट्रॅक्टर ही दोन्ही त्यास सारख्याच जोराने ओढतात. दुसऱ्यास निवड जमते, परंतु धरून ठेवणे जमत नाही. तिसरा एका कामात असा गुंततो की दुसरे काम सांगितलेले त्याच्या कानावर पडत नाही. तिघांवरही आपण एकच शेरा मारतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात असे दाखविले की, प्रयत्नपूर्वक दिलेले अवधान काही क्षणांपलीकडे सलग टिकतच नाही. ते सुटते आणि माणूस ते पुन्हा आणतो. म्हणजे उत्तम विद्यार्थ्याचेही मन भटकतेच. भेद इतकाच की, ते परत आणण्याची सवय त्यास लागलेली असते. यावरून शिक्षकाच्या कामाचे स्वरूप स्पष्ट होते. मन भटकूच नये असा आग्रह व्यर्थ आहे. भटकलेले मन परत आणावयास शिकविणे हे आपले काम आहे, आणि परत आल्याबद्दल शिक्षा करणे हे त्या कामाच्या नेमके उलट आहे. ‘कोठे होतास?’ असे दरडावून विचारलेल्या मुलाचे मन पाठाकडे परत येत नाही, ते अपमानाकडे जाते.

३. जीवनसमाधान म्हणजे काय?

मूल आज हसते आहे किंवा रडते आहे, हा क्षणिक भावनेचा भाग झाला. जीवनसमाधान त्याहून निराळे आहे. एकंदरीत आपले आयुष्य कसे चालले आहे, याचा व्यक्तीने स्वतः केलेला निवाडा म्हणजे जीवनसमाधान. हा निवाडा दुसऱ्यास करता येत नाही. नवीन गणवेश, दप्तर व सायकल असलेला मुलगा असमाधानी असू शकतो आणि फाटक्या चपलांनी दोन मैल चालत येणारी मुलगी समाधानी असू शकते. यास्तव हे जाणण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे विचारणे.

विचारण्याची एक सोपी रीत अमेरिकेतील समाजमानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांनी १९६५ साली मांडली. एक शिडी कल्पावी. सर्वांत वरची पायरी म्हणजे आपल्याला शक्य असलेले उत्तमोत्तम आयुष्य, सर्वांत खालची म्हणजे वाईटांत वाईट. आज तू कोणत्या पायरीवर उभा आहेस, एवढेच विचारावे. पुढे १९९१ साली स्कॉट ह्यूब्नर यांनी खास विद्यार्थ्यांसाठी सात विधानांची एक मोजपट्टी तयार केली आणि १९९४ साली तिचा विस्तार करून कुटुंब, मित्र, शाळा, राहण्याचे ठिकाण आणि स्वतःविषयीचे मत अशी पाच अंगे वेगवेगळी पाहण्याची सोय केली. या विभागणीचा शिक्षकास मोठा उपयोग आहे. पाचांपैकी शाळा हे अंग तर पूर्णतः आपल्या हाती आहे, आणि मित्र व स्वतःविषयीचे मत ही दोन अंगे बऱ्याच अंशी वर्गातच घडतात.

आपल्या देशातील परिस्थितीविषयी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने एक मोठी पाहणी केली. जानेवारी ते मार्च २०२२ या काळात सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ८० हजार विद्यार्थ्यांना प्रश्न विचारण्यात आले. शालेय जीवनाविषयी समाधानी असल्याचे ७३ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले. वैयक्तिक जीवनाविषयी तसे सांगणारे केवळ ५१ टक्के होते. अभ्यासात एकाग्रता होत नाही असे २९ टक्के विद्यार्थी म्हणाले. उच्च प्राथमिक वर्गांतून माध्यमिक वर्गांत जाताना दोन्ही प्रकारचे समाधान घटलेले दिसले. महामारीमुळे दीर्घकाळ बंद राहिलेल्या शाळा त्या सुमारास नुकत्या उघडत होत्या, हे हे आकडे वाचताना लक्षात ठेवावे. तथापि समाधानाची ही उतरण आपल्याकडेच आहे असे नाही. प्रगत देशांच्या संघटनेच्या पंधरा वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांच्या पाहणीत आयुष्याविषयी असमाधान दर्शविणाऱ्यांचे सरासरी प्रमाण २०१५ साली ११ टक्के होते, ते २०२२ साली १८ टक्के झाले.

उतरण जर सातवी-आठवीच्या पुढे तीव्र होत असेल, तर तिच्या आधीची तीन-चार वर्षे आपल्या शाळांत जातात. ती वाया जाऊ देता कामा नयेत.

४. दोहोंचा संबंध

ज्या मुलांना अवधानाची अडचण अधिक, त्यांचे जीवनसमाधान सरासरीने कमी, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असे ठरत नाही. दुःखी मुलाचेही लक्ष लागत नाही. घरी कलह असेल, आई आजारी असेल, तर मनाचा मोठा भाग तेथेच गुंतलेला असतो आणि अपूर्णांकांसाठी थोडाच उरतो. कारण आणि कार्य येथे दोन्ही दिशांनी चालते.

या संबंधाची साखळी कडी कडीने पाहिली, तर आपणांस हात कोठे घालता येईल ते कळते. समजा, इयत्ता ७ वीतील एक मुलगा सूचनेचा शेवटचा भाग ऐकावयाचे विसरतो. त्याचे काम अपुरे राहते. शिक्षक रागावतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घडते. महिनाभरात वर्गातील इतर मुलांस कळते की, याला रोज बोलणी खावी लागतात. गटकार्यात त्यास कोणी घेत नाही, कारण त्याच्यामुळे गट मागे पडतो. मधल्या सुटीत चिडविणे सुरू होते. घरी निरोप जातो, वडील मारतात. आता शाळा, मित्र, कुटुंब आणि स्वतःविषयीचे मत ही चारही अंगे एकाच वेळी दुखावली गेली. आरंभी मात्र होते काय? एका सूचनेचा शेवटचा भाग.

अवधानाची मूळ अडचण दूर करणे नेहमीच शिक्षकाच्या हाती नसते. तिच्यापासून पुढच्या कड्या मात्र बव्हंशी शिक्षकाच्याच हाती असतात, आणि मुलाच्या आयुष्यातील दुःख या पुढच्या कड्यांतूनच अधिक येते. अडचण राहूनही मूल समाधानी राहू शकते, हा या लेखातील मुख्य मुद्दा आहे.

५. लक्ष का लागत नाही? कारणांचा शोध

कारण शोधल्यावाचून उपाय करणे म्हणजे नाडी न पाहता काढा देणे होय. पुढील क्रमाने शोध घ्यावा.

(अ) शारीरिक कारणे. प्रथम डोळे व कान पाहावेत. फळ्यावरील अक्षर न दिसणारे मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावते आणि बोलणी खाते. कान वाहणाऱ्या मुलास पावसाळ्यात कमी ऐकू येते, पत्र्याच्या छपरावर पाऊस वाजू लागला की त्यास काहीच ऐकू येत नाही. रक्तक्षयामुळे थकवा येतो व चित्त ठरत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. ही अवस्था एका दिवसात येत नाही, तिची सुरुवात आपल्या वर्गांतच होत असते. सकाळी उपाशी आलेल्या मुलाचे पहिले दोन तास पोषण आहाराची वाट पाहण्यात जातात. झोपेचाही विचार करावा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांस ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस ८ ते १० तास झोप लागते, असे झोपेच्या तज्ज्ञांनी २०१६ साली सांगितले आहे. रात्री उशिरापर्यंत मोबाईल पाहणारे, किंवा रात्री वीज येते म्हणून वडिलांबरोबर शेताला पाणी द्यावयास जाणारे मूल दुपारी पेंगणारच. एखादे मूल बोलता बोलता काही क्षण एकटक पाहत स्तब्ध होत असेल आणि हाक मारूनही भानावर येत नसेल, तर तो आकडीचा एक सौम्य प्रकार असू शकतो. तो औषधाने आटोक्यात येतो. यास्तव त्यास स्वप्नाळू म्हणण्यापूर्वी डॉक्टरांकडे पाठवावे.

(आ) शैक्षणिक कारणे. जे समजत नाही त्याकडे कोणाचेच लक्ष लागत नाही. ऊसतोडीस गेलेल्या आईवडिलांबरोबर दिवाळीच्या सुमारास गेलेले मूल उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते. मधल्या काळात भागाकार होऊन दशांश अपूर्णांक सुरू झालेले असतात. असे मूल खिडकीबाहेर पाहत असेल, तर दोष अवधानाचा नसून सुटलेल्या पाठांचा आहे. वाचनातच अडखळणारे मूलही असेच. गणिताच्या तोंडी उदाहरणात तरबेज, परंतु लेखी शाब्दिक उदाहरणात चंचल, असा भेद दिसला तर अध्ययन अक्षमतेची शंका घ्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि अशा विद्यार्थ्यांस सवलती मिळतात.

(इ) मानसिक व कौटुंबिक कारणे. घरातील मृत्यू, कर्ज, दारू, स्थलांतर, चिडविणे, कोणाचे तरी भय. ही कारणे मूल सांगत नाही, त्याची वही सांगते. पूर्वी नीटनेटकी असलेली वही अमुक महिन्यापासून बिघडली असे दिसले, तर त्या महिन्यात काय घडले याची हलक्या हाताने चौकशी करावी.

(ई) वयाचे कारण. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे शाळाप्रवेशासाठी डिसेंबरअखेरचे वय धरतात. म्हणून डिसेंबरात जन्मलेले मूल वर्गात सर्वांत लहान, तर जानेवारीत जन्मलेले सर्वांत मोठे असते. अवधानदोषाचे निदान डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांत जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी आणि मुलींत सुमारे ७० टक्क्यांनी अधिक झालेले आढळले. वर्गातील लहान वयाच्या मुलाचे बालपण आजार समजले जाते, असा याचा अर्थ. कोणत्याही मुलाविषयी मत बनविण्यापूर्वी जनरल रजिस्टरातील जन्मतारीख पाहावी.

(उ) अवधानदोष व अतिचंचलता. वरील सर्व कारणे वजा केल्यावरही काही मुले उरतात. १९०२ साली लंडनमधील डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनी अशा ४३ मुलांचे वर्णन केले. त्या काळच्या समजुतीनुसार त्यांनी यास नैतिक संयमाचा दोष म्हटले. आज ती समजूत राहिलेली नाही. ही मेंदूच्या विकासातील भिन्नता असून तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २००७ साली दाखविले की, अशा मुलांत मेंदूच्या बाह्यस्तराची वाढ त्याच क्रमाने होते, परंतु सरासरी सुमारे तीन वर्षे उशिरा. वाट तीच आहे, पाऊल मागे आहे.

निदानाच्या प्रचलित कसोट्यांनुसार लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि शाळा व घर अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी असावी लागतात. केवळ आपल्याच तासाला चंचल असणारे मूल या कसोटीस उतरत नाही. तेथे तासाचा विचार करावा. जगभरातील अभ्यास एकत्र पाहता हे प्रमाण शंभर मुलांत सुमारे पाच धरले जाते. म्हणजे चाळीसांच्या वर्गात एक-दोन मुले असण्याचा संभव आहे. मुलग्यांची चंचलता डोळ्यांत भरते. मुलींमध्ये बहुधा गडबड नसते, केवळ हरवलेपण असते. शेवटच्या रांगेत गप्प बसलेली, कोणास त्रास न देणारी मुलगी वर्षानुवर्षे कोणाच्याच ध्यानात येत नाही. तिची विशेष दखल घ्यावी.

६. निरीक्षण आणि नोंद

कोणत्याही मुलाविषयी तर्क करण्यापूर्वी दोन आठवडे नोंद ठेवावी. एका जुन्या वहीचे चार रकाने पुरेत. पहिल्यात वेळ व विषय, दुसऱ्यात दिलेले काम, तिसऱ्यात मुलाने प्रत्यक्ष काय केले, आणि चौथ्यात त्याच्या लगेच आधी काय घडले. ‘मस्ती केली’ असे लिहू नये. ‘तीन वेळा जागेवरून उठला, शेजाऱ्याची पट्टी घेतली’ असे लिहावे. आपले मत नोंदू नये, पाहिलेले नोंदावे.

या नोंदीत एक गोष्ट आवर्जून असावी. लक्ष केव्हा लागले? गुरे चारणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाडच्या कार्यात शाळाच कुरणावर गेली आणि कुरणशाळा उभी राहिली. मूल जेथे आहे तेथून शिक्षणास आरंभ करावा, ही त्यामागील दृष्टी होती. अवधानासही तीच लागू करावी. वर्गात पाच मिनिटे न बसणारा मुलगा सायकलची साखळी बसवीत अर्धा तास बसतो, किंवा बैलाच्या चालीवरून तो लंगडतो आहे हे सर्वांआधी ओळखतो. म्हणजे त्याच्याजवळ अवधान आहे. ते कोठे, कोणत्या कामात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी असते हे कळले की, आपल्यास धागा सापडला.

७. वर्गात करावयाच्या गोष्टी

पुढील उपायांस पैसा लागत नाही.

(१) जागा. अशा मुलास पुढे, दारखिडकीपासून दूर आणि शांत सोबत्याजवळ बसवावे. ही शिक्षा आहे असे त्यास वाटता कामा नये. सर्वांच्या जागा दर महिन्यास बदलाव्यात व त्या ओघात त्याची जागा ठरवावी.

(२) सूचना. ‘पुस्तक काढा, पान ४२ उघडा, तिसरे उदाहरण वहीत उतरवा आणि उत्तर काढून दाखवा,’ ही एक सूचना नव्हे, चार आहेत. एकेक द्यावी, किंवा फळ्याच्या कोपऱ्यात क्रमांक घालून लिहून ठेवावी. मुलाने ती स्वतःच्या शब्दांत परत सांगावी.

(३) कामाचे तुकडे. दहा उदाहरणे एकदम देण्याऐवजी तीन-तीन द्यावीत आणि प्रत्येक तुकडा तपासावा. पूर्ण झाल्याचा अनुभव दिवसातून चार वेळा आला पाहिजे. ज्या मुलाचे काही पूर्णच होत नाही, त्यास समाधान कोठून मिळणार?

(४) हालचाल. चंचल मुलास जागेवर जखडू नये, कामानिमित्त उठवावे. वह्या वाटणे, नकाशा टांगणे, फळा पुसणे, पाण्याची टाकी भरली का ते पाहून येणे ही कामे त्यास द्यावीत. लक्ष दिले नाही म्हणून खेळाचा तास बुडविण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते, ती बंद करावी. त्या मुलास ज्याची सर्वांत अधिक गरज आहे तेच त्यामुळे हिरावले जाते.

(५) संकेत. मन भटकले की सर्वांसमक्ष नाव घेण्याऐवजी बाकावर बोट टेकविणे, जवळून जाणे असा दोघांत ठरलेला मूक संकेत असावा. मूल परत येते आणि त्याची अब्रूही राहते.

(६) शाबासकी. ‘छान’ या एका शब्दाने काही कळत नाही. ‘आज तू तिसरे उदाहरण अर्ध्यावर न सोडता पूर्ण केलेस,’ असे नेमके सांगावे. शाबासकी कृतीच्या लगेच मागोमाग द्यावी. आठवड्याअखेरची शाबासकी अशा मुलापर्यंत पोचत नाही.

(७) बहुवर्ग अध्यापन. एका खोलीत दोन इयत्ता असतील तेथे अडचण दुप्पट होते, कारण पाचवीचा पाठ चालू असता सहावीच्या मुलाने स्वयंअध्ययन करावे अशी अपेक्षा असते. अवधानाची अडचण असलेल्या मुलास सर्वांत कठीण जाणारी गोष्ट हीच. त्यास स्वयंअध्ययनाचे काम छोट्या कार्डांवर द्यावे आणि एक जोडीदार द्यावा. दोन्ही इयत्तांच्या बैठकीची तोंडे विरुद्ध दिशांस असावीत. वाचनाची व पाठांतराची कामे शक्य तर ओसरीवर किंवा झाडाखाली न्यावीत.

(८) दंड. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे. टोपणनाव ठेवणे, वर्गास हसावयास लावणे, दाराबाहेर उभे करणे ही मानसिक छळाचीच रूपे समजावीत. कायदा बाजूस ठेवला तरी व्यवहार काय सांगतो? दाराबाहेर उभ्या केलेल्या मुलाचे लक्ष पाठाकडे लागणे अशक्य असते.

८. समाधानाची शिडी

वर्षातून दोनदा, जुलैत आणि जानेवारीत, पाचवीपासूनच्या वर्गांत पुढील उपक्रम करावा. फळ्यावर दहा पायऱ्यांची शिडी काढावी, जमीन म्हणजे शून्य. अर्थ समजावून सांगावा. प्रत्येकाने लहानशा चिठ्ठीवर आपली पायरीचा अंक लिहावा. वाटल्यास एक वाक्य लिहावे, ‘एक पायरी वर जाण्यासाठी काय झाले पाहिजे?’ नाव लिहिणे ऐच्छिक असावे. चिठ्ठ्या वर्गात वाचू नयेत, सहकाऱ्यांत त्यांची चर्चा करू नये आणि त्यांवरून मुलांची प्रतवारी तर मुळीच करू नये. ही परीक्षा नव्हे.

अंकापेक्षा ते एक वाक्य मोलाचे असते. ‘मला कबड्डीत घेतले पाहिजे,’ ‘बाबा घरी आले पाहिजेत,’ ‘मला मोठ्याने वाचावयास सांगू नये,’ अशा प्रकारची वाक्ये आली तर त्यांतील काहींवर उपाय त्याच दिवशी करता येतो, काहींवर आपला उपाय नसतो. तरीही कोणीतरी विचारले, हे मुलास कळते. खालच्या दोन-तीन पायऱ्यांवर नावासह कोणी आढळल्यास एकट्यास, सावकाश, दुसऱ्या काही निमित्ताने बोलते करावे. जिवास धोका असल्याचे एखादे वाक्य आढळल्यास ते गुप्त ठेवू नये. त्याच दिवशी मुख्याध्यापक व पालक यांस विश्वासात घ्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ व बालकांसाठीचा १०९८ हे दूरध्वनिक्रमांक शाळेच्या भिंतीवर मुलांस दिसतील असे लिहून ठेवावेत.

९. पालक व वैद्यकीय साहाय्य

पालकांशी बोलताना तक्रारीने आरंभ करू नये. मुलाच्या एका चांगल्या गोष्टीने आरंभ करावा आणि नोंदवही पुढे ठेवावी. ‘तुमचा मुलगा लक्ष देत नाही’ आणि ‘दुपारच्या पहिल्या तासाला तो पेंगतो, रात्री किती वाजता झोपतो?’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पहिल्यामुळे मुलास मार बसतो, दुसऱ्यामुळे झोप मिळते.

२०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील आरोग्य पथके शाळेत तपासणीस येतात. दृष्टी व श्रवण यांबरोबरच अध्ययनातील अडचणी आणि अवधानदोष हेही या तपासणीच्या यादीत आहेत. पथक येण्यापूर्वी आपल्या नोंदींवरून मुलांची नावे काढून ठेवावीत. पथकाजवळ प्रत्येक मुलासाठी मोजकीच मिनिटे असतात, आपल्याजवळ सारे वर्ष असते. आवश्यक त्या मुलांस पथकामार्फत जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांचा सल्लाही घ्यावा.

शिक्षकाने निदान करू नये, पालकांसमोर आजाराचे नाव उच्चारू नये आणि औषध द्यावे किंवा देऊ नये याविषयी मत देऊ नये. ते तज्ज्ञांचे काम आहे. प्रथम शाळेतील व घरातील व्यवस्था सुधारावी आणि त्यानंतरही अडचण तीव्र राहिल्यास औषधाचा विचार व्हावा, असाच तज्ज्ञांचाही क्रम असतो. त्या क्रमातील पहिला भाग आपला आहे.

१०. समारोप

सातवी किंवा आठवी झाली की आपला विद्यार्थी दुसऱ्या गावच्या हायस्कुलात जातो. तेथे त्यास ओळखणारे कोणी नसते. त्याच्याबरोबर दोन गोष्टी जातात. एक आपण लिहिलेल्या वर्णनात्मक नोंदी, आणि दुसरी आपल्या सहवासात बनलेले त्याचे स्वतःविषयीचे मत. म्हणून ‘लक्ष नाही’ या शेऱ्याच्या जागी ‘सूचना एकेक दिल्यास काम पूर्ण करतो, लेखी उदाहरण वाचताना मध्येच थांबतो, यंत्रांची दुरुस्ती पाहण्यात विशेष रस आहे’ अशी नोंद करावी. लिहावयास दोन मिनिटे अधिक लागतील. नव्या शाळेतील शिक्षकास त्या दोन मिनिटांतून कामाची दिशा मिळेल, आणि नव्या बाकावर बसताना त्या मुलास वाटेल की, आपल्यात काही उणे असले तरी काही चांगलेही आहे आणि ते कोणीतरी पाहिले होते. नववीत शाळा सोडणे आणि न सोडणे यांतील अंतर पुष्कळदा एवढेच असते.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील एका विद्यार्थ्याची दोन आठवड्यांची नोंद चार रकान्यांत ठेवा. लक्ष न लागण्याच्या वेळा आणि लागण्याच्या वेळा यांत काय भेद दिसला?

२. गेल्या वर्षीच्या प्रगतिपुस्तकांतील ‘लक्ष नाही’ अशा आशयाचे पाच शेरे घ्या व ते उपयुक्त नोंदींच्या स्वरूपात पुन्हा लिहा.

३. जनरल रजिस्टरावरून आपल्या वर्गातील सर्वांत लहान पाच मुलांची नावे काढा. त्यांपैकी किती जणांस आपण चंचल समजत होतो?

४. आपल्या वर्गात शांत, परंतु हरवलेली अशी कोणती मुलगी आहे? तिच्याशी शेवटचे स्वतंत्रपणे केव्हा बोललात?

५. स्थलांतराहून परतलेल्या मुलांच्या सुटलेल्या पाठांसाठी आपल्या केंद्रातील शाळांनी मिळून कोणती व्यवस्था करता येईल?